मुलिफानुआच्या धक्क्यावरची माफी

स्वतःची होडी प्रवाळावर अडकल्याने उइली सावाई बेटाला जाणाऱ्या बोटीच्या रांगेत उभा होता. पुढे सिनेवा आणि तिची फिलोई मावशी होत्या. मावशीच्या काखेत मयताला न्यायची मानाची चटई.

“मावशी, भरती-ओहोटी दाखवणारं ते ॲप मी काल बंद पाडलं. सगळ्या जगाचं.”

“तुला तिथे घेतलं कुणी?”

“कुणीही येऊ शकतं. लोक मिळून फुकट बनवतात. मी घरी शिकले, प्रोग्रामची एक ओळ दुरुस्त करून पाठवली.”

“आणि?”

“ते सांभाळणाऱ्या नॉर्वेच्या ओड्वारचं उत्तर आलंय. उघडवत नाही. हाकलणार मला.”

“माफी मागितलीस?”

“सॉरी लिहिलं.”

“जग बंद पाडून सॉरी? आपल्या रीतीनं चटई डोक्यावर घे आणि त्याच्या दारात बस. ज्याचं नुकसान झालं तो उचलेल, तेव्हा माफी.”

“दार नॉर्वेत आहे गं!”

“बस म्हणते ना!”

सिनेवा बसली. मावशीने तिच्या डोक्यावर चटई टाकली. रांग वळसा घालून पुढे सरकू लागली.

“उघडलंस?”

“उघडलं. म्हणतो, चालू केलंय. पहिल्या महिन्यात मीही पाडलं होतं. पुढची दुरुस्ती कधी पाठवतेस?”

“छान. आता बस तशीच.”

“का?”

“चटई त्यानं उचलायची असते.”

“मावशी, बोट सुटेल!”

उइलीने घसा खाकरला.

“मावशी, काल ॲपवर भरती दिसेना, म्हणून माझी होडी प्रवाळावर बसली. चटई मी उचलली तर चालेल का?”

“बघ सिनेवा, नॉर्वेपेक्षा जवळचा निघाला.”