सिद्रामच्या काहिलीतलं आधण

ऐका. तोंडातलं पान आधी थुंकून या. ही गोष्ट ऐकताना काही गिळवणार नाही.

आमच्या पेठेतला तवनाप्पा. गुळाचा दलाल. जिभेला नुसता खडा लावला की मळा ओळखायचा! एकदा गाडीचा आस मोडला, म्हणून अंधार पडल्यावर पायीच निघाला, ओढ्याकाठच्या वाटेनं. तिथं देसायांच्या मळ्यात ते दगडी गुऱ्हाळघर. सिद्राम गुळव्या तिथंच उकळत्या काहिलीत पडून मेला. तेव्हापासून बंद, चाळीस वर्षं! त्याचा गूळ जो गिळेल, त्यानं त्याच्या जागी ढवळत राहायचं, असं सगळा मुलूख सांगतो. तवनाप्पालाही ठाऊक.

पण धुराडं धुमसत होतं! इतर दलालांच्या आधी नवा गूळ बघू, या मोहानं गडी आत शिरला.

"या शेटजी! गुऱ्हाळावर आलेला माणूस तसाच जात नसतो." काहिलीजवळच्या म्हाताऱ्यानं रसाचा तांब्या पुढं केला. रसावर माश्या. साय धरावी तशा!

"आम्ही जैन. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा चालत नाही."

"मग गिळू नका. चाखा नि थुंका! दलालच ना तुम्ही?"

इथं फसला बघा. थुंकलं तर नेम कुठं मोडतो? सवयीनं तोंड उघडलं.

म्हाताऱ्यानं हात घातला उकळत्या पाकात. कोपरापर्यंत! बाहेर काढला, तर कातडी ओल्या चिंधीसारखी लोंबत होती. त्याच बोटांनी गोळी वळली आणि तवनाप्पाच्या जिभेवर ठेवली.

गोड? छे! पिकल्या गळवाची चव. दाताखाली नख कचकलं. टाळूला केस चिकटला. थुंकावं तर गोळी सुटेना! म्हाताऱ्यानं जबडा दाबून धरला.

"गिळ, शेटजी, गिळ! चाळीस वर्षं उभा आहे. पाय सडले रे माझे!"

तवनाप्पा काय करणार? त्यानं काहीच केलं नाही. केलं ते पोटानं! आतड्यापासून ढवळून आलं. म्हाताऱ्याची बोटं सुटली, आणि दुपारची भाकरी, ताक, भरलं वांगं, गोळीसकट सगळं भळाभळा काहिलीत!

"अरे मुडद्या! काहिलीभर पाकाचं अख्खं आधण नासवलंस!" म्हातारा बोंबलला आणि दोन्ही हातांनी ओक उपसायला लागला. मेला तरी गुळव्याच तो, मळी काढल्याशिवाय राहवतंय होय! तेवढ्यात तवनाप्पा निसटला.

जिवानिशी वाचला, पण धंदा गेला. गूळ दिसला की उमळतं. आता मीठ विकतो.

तुम्ही मात्र त्या वाटेला जाऊ नका. दिवसासुद्धा नको. सिद्रामनं ते आधण फेकलेलं नाही, बरं का. अजून आटवतोय.