शिडीची खरी जागा

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, शहर वाचनालयाच्या प्रमुख ग्रंथपाल बाई. आपला दवाखाना एक दिवस बंद ठेवून आलेले सर्जन डॉक्टर. आमचे मुख्य प्रशिक्षक सर आणि सहप्रशिक्षक मामा (हा क्रम वयाचा आहे, त्यातून दुसरा अर्थ कुणी काढू नये). सत्कारमूर्ती आणि त्यांच्या पत्नी. क्लबचे आजी-माजी खेळाडू, आणि दोनच पंखे चालू असूनही इतका वेळ शांत बसलेल्या बंधू-भगिनींनो,

क्लबची चिटणीस म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलंय. खरं तर माझा धंदा शिवणकामाचा. चौदा वर्षांपूर्वी एक तरुण दारात वाकून माझ्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "काकू, मला मापाची जर्सी कुठेच मिळत नाही." उंची सहा फूट दहा इंच. माप घ्यायला मी स्टुलावर चढले. त्यानंतर सगळ्या संघाचे कपडे माझ्याकडे आले आणि कपड्यांच्या मागोमाग चिटणीसपदही आलं. मी ते मागितलं नव्हतं, हे या निमित्ताने सांगून ठेवते.

तोच हा मुलगा, आजचा सत्कारमूर्ती. नोकरीच्या ठिकाणी, वाचनालयात, सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक नुसता हात वर करून काढतो, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला शिडी म्हणायला सुरुवात केली. आज त्याला अहो-जाहो करायला गेले तर तो हसेल आणि माझा धागा तुटेल. तेव्हा मी 'शिडी' आणि 'तो' असंच म्हणणार आहे.

समोर ज्यांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही अशी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगते. सेंटर म्हणजे रिंगखाली तिच्याकडे पाठ करून उभा राहणारा, धक्के खाणारा, हुकलेला चेंडू गोळा करणारा. फॉरवर्ड म्हणजे थोडा बाहेर, रिंगकडे तोंड करून खेळणारा, लांबून टाकणारा, पास देणारा. आमचा शिडी ही सगळी कामं करायचा. मग त्याची खरी जागा कोणती?

या एका प्रश्नावर सर आणि मामा चौदा वर्षं भांडले.

सर निवृत्त गणित शिक्षक. त्यांचं म्हणणं, "जो रिंगखाली उभा राहतो तो सेंटर. यात वाद कसला?" मामा सुतार, स्वतः जुने खेळाडू. त्यांचं म्हणणं, "उभा राहतो, कारण तुम्ही त्याला तिथे उभा करता. कपाट दारात ठेवलं म्हणून ते दार होतं का?" स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरताना खेळाडूची जागा लिहावी लागते. सर 'सेंटर' लिहायचे, मामा ते खोडून 'फॉरवर्ड' लिहायचे, आणि मी नवा अर्ज आणायला धावायचे. एका वर्षी जिल्ह्यातला सर्वोत्तम सेंटर निवडायचा होता आणि सर्वोत्तम फॉरवर्डही. निम्म्या पंचांनी शिडीला इकडे मत दिलं, निम्म्यांनी तिकडे. दोन्हीकडे तो दुसरा आला. त्यानंतर सर आणि मामा तीन महिने एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते. "त्यांना सांगा, सराव पाच वाजता आहे." "त्यांना सांगा, मला माहीत आहे." दोघं एकाच बाकावर बसलेले असायचे.

आणि शिडी? तो ऐकायचा, हसायचा आणि बुटांच्या नाड्या बांधायचा.

आता यंदाच्या वर्षाकडे येते. नऊ वर्षांनी आपण अंतिम सामन्यात पोचलो. सामना शनिवारी. त्यासाठी नवे कपडे शिवायचे ठरलं आणि त्याच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी शिडी फिटिंगला आला. चपला दाराशी काढून तो आरशासमोर उभा राहिला. मी खाली बसून शॉर्टची कड बघत होते. डावीकडे बरोबर होती, उजवीकडे इंचभर खाली. मला वाटलं माझीच चूक. उसवून पुन्हा टाचली, तरी तेच. मग लक्षात आलं की कापड सरळ आहे, माणूस उजवीकडे झुकलाय.

"सरळ उभा राहा रे," मी म्हटलं.

"सरळच आहे की, काकू."

मी खाली पाहिलं. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात माझी टाचणी घुसलेली होती. अर्धी आत. फरशीवर रक्ताचा ठिपका होता. मी म्हटलं, "अरे, तुझ्या पायात टाचणी आहे."

तो शांतपणे म्हणाला, "कुठे?"

मित्रहो, चाळीस वर्षं मी टाचण्यांमध्ये काढली. टाचणी टोचल्यावर ओरडला नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. मी ती उपटून काढली, तरी त्याला कळलं नाही. मग तो स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "दोन महिने झाले. चप्पल निसटली तरी कळत नाही. सामना झाला की दाखवतो. सरांना सांगू नका. मामांनाही नको."

"का नको?"

"दोघं पुन्हा भांडतील. एक म्हणेल, रिंगखालच्या धक्क्यांनी झालं. दुसरा म्हणेल, बाहेर पळवलं म्हणून झालं."

मी त्याला वचन दिलं नाही. तो गल्लीच्या टोकाशी पोचायच्या आत त्याच्या बायकोला फोन केला. ती रुग्णालयात परिचारिका आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "काकू, उद्या सकाळी मी त्याला घेऊन जाते. तो नाही म्हणाला तरी."

तपासणी झाली. कमरेतली एक चकती सरकून नसेवर दाबत होती. हे समोर बसलेले डॉक्टर तेव्हा फार गोड बोलले नाहीत. थांबलात तर बधिरपणा वर चढेल, कदाचित कायमचा राहील, असं स्पष्ट सांगितलं. शस्त्रक्रियेसाठी पहिली मोकळी तारीख होती शनिवार. सामन्याचाच दिवस.

बुधवारी क्लबच्या खोलीत आम्ही पाचजण बसलो. शिडी म्हणाला, "चाळीस मिनिटांचा तर खेळ आहे. रविवारी भरती होतो." त्याची बायको सर आणि मामांकडे बघत राहिली. मला धडकी भरली. नऊ वर्षांनी आलेला अंतिम सामना, आणि समोर ही दोन माणसं, ज्यांचं आजवर एकाही गोष्टीवर जमलेलं नाही. यातल्या एकाने जरी 'फक्त दहा मिनिटं उतर' म्हटलं असतं, तरी हा वेडा उतरला असता.

सर म्हणाले, "नाही."

मामा म्हणाले, "प्रश्नच येत नाही."

चौदा वर्षांतलं ते पहिलं एकमत. दोघांनाही ते जाणवलं असावं, कारण दोघंही लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

शनिवारी मी गुणलेखकाच्या टेबलाशी बसले होते, फोन मांडीवर. शिडीशिवाय संघ कसा खेळला हे तुम्हीच पाहिलंत. रिंगखाली एकाला उभं केलं, बाहेरून पास द्यायला दुसऱ्याला, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवायला तिसऱ्याला. एका माणसाचं काम तिघं करत होते आणि तिघंही धापा टाकत होते. पण झुंजले. तिसऱ्या सत्राच्या शेवटी आपण फक्त चार गुणांनी मागे होतो. तेवढ्यात फोन थरथरला. मी कानाला लावला. पलीकडे शिडीची बायको होती. ती म्हणाली, "काकू, शुद्धीवर आलाय. मी अंगठ्याला चिमटा काढला. ओरडला माझ्यावर."

मी टेबल सोडून बाकाकडे गेले. असं करायचं नसतं, पंचांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी सरांच्या कानात सांगितलं. सामना चालू असताना सर कधी बसत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते बसले. मामांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि बराच वेळ काढला नाही. खेळाडूंना कळलं तेव्हा ते आपापसात टाळ्या देऊ लागले, आणि समोरच्या संघाला कळेना की मागे असलेले लोक एवढे खूश कशाने झालेत.

आपण सहा गुणांनी हरलो. उपविजेत्यांचा चषक घेताना इतका हसरा संघ मी पाहिलेला नाही. मी स्वतः घरी जाऊन नऊ तास झोपले. त्या आठवड्यात झोप म्हणून लागली नव्हती.

रविवारी आम्ही तिघं भेटायला गेलो. त्याचे पाय खाटेबाहेर येत होते म्हणून खाली एक बाक लावला होता. दोन मिनिटं विचारपूस झाली. मग सर घसा साफ करून म्हणाले, "मामा, काल मी नीट पाहिलं. रिंगखालचं काम कसंबसं भागलं. पण याचे पास कुणाला जमेनात. तुमचं बरोबर होतं. हा फॉरवर्ड."

मामा म्हणाले, "नाही हो सर. पास चुकले तर चुकले. खाली भिंतच नव्हती. तुमचं बरोबर होतं. हा सेंटर."

"अहो, मी मान्य करतोय ना?"

"पण तुम्ही चुकीचं मान्य करताय."

आवाज चढले. शिडी हसायला लागला, टाके दुखले, तरी हसतच राहिला. मी म्हटलं, "चौदा वर्षं तुम्ही भांडताय. याला कधी विचारलंत?"

म्हटलं खरं, पण मनात खजील झाले, कारण मीही त्याला कधी विचारलं नव्हतं.

शिडी छताकडे बघत म्हणाला, "मला रिंगखालीच आवडतं."

सरांचा चेहरा उजळला. शिडी पुढे म्हणाला, "खेळासाठी नाही, सर. शाळेपासून मी कुठेही गेलो की सगळे वळून बघतात. रस्त्यात, दुकानात, लग्नात. रिंगखाली दोन्ही बाजूंचे उंच लोक गर्दी करून असतात. तिथे मला कुणी बघत नाही. बाहेर येऊन खेळलो, ते फक्त चेंडू पुढे आणणाऱ्या आपल्या छोट्या गार्डला कुणी कोंडीत पकडलं की. नाहीतर मी आपला तिथेच."

मामांनी त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुमच्या वादात मजा यायची. आणि कुणीतरी आपल्यावरून इतकं भांडतंय, हे बरं वाटायचं."

मग त्याच्या बायकोने भेटीची वेळ संपली म्हणून आम्हाला बाहेर काढलं. वेळ संपलेली नव्हती, हे मला घड्याळात दिसत होतं.

सभ्य स्त्री-पुरुषहो, तो यापुढे खेळणार नाही. हे सांगताना मला वाईट वाटायला हवं, असं भाषण लिहिताना मी स्वतःला दोनदा बजावलं. वाटत नाही. तो वाचनालयात पुन्हा रुजू झालाय, जिने चढतो, चप्पल निसटली तर मागे वळून घालतो. मी दुसरं काय मागू?

अध्यक्ष बाईंनी त्याची रजा विनातक्रार मंजूर केली, डॉक्टरांनी वेळेवर कान उघडले, त्याच्या पत्नीने कुणाचंही ऐकलं नाही. या सगळ्यांची मी क्लबतर्फे ऋणी आहे. सभागृह झाडून खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि कंटाळा आला तरी उठून न गेलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. मी शिवणारी बाई, बोलण्याचा कपडा कुठे तोकडा पडला असेल, कुठे ढगळ झाला असेल, तर सांभाळून घ्या. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर दोष माझ्या चष्म्याचा.

त्याच्या पत्नीने मला चिठ्ठी पाठवली आहे की त्याने एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायचं नाही, आणि तो अर्धा तास कधीच झाला. तेव्हा शिडी, ऊठ. सावकाश. सर, मामा, हात देऊ नका, त्याचं त्याला येऊ द्या. माइक मी त्याच्या उंचीला लावून ठेवलाय.