टाकू का?

मानसोपचारतज्ज्ञांकडे नंबर लावून बसलेल्या मास्तरीणबाईंनी फाइल नाव दिसू नये म्हणून उलटी धरली होती. शेजारी बसलेल्या दोघी बहिणींचं मोबाइलमध्ये बघत बोलणं चाललं होतं.

“ताई, माझ्या आजाराचं सगळं लिहिलंय. फेसबुकवर नावानिशी टाकू का?”

“हे म्हणजे दार उघडं टाकून आंघोळ झाली! पाळणाघर चालवतेस तू. हिच्या हाती लेकरू कसं द्यायचं, म्हणतील आया.”

“कुणाला तरी धीर येईल गं. मी नाही का, त्या शाळेतल्या बाईंचं वाचूनच इथे आले?”

“मग दाखव की त्यांचं.”

“शोधलं. काढून टाकलंय त्यांनी.”



तेवढ्यात मास्तरीणबाईंच्या नावाचा खणखणीत पुकारा झाला. त्या उठल्याच नाहीत.