हिरवा रंग दिलेलं इंजन

हाव, तेच— मागच्या शेडात फटफट करायलंय ते. हिरवं. तेच दाखवलं ना तुम्हाला? घ्या की, पाव्हणं. चांगलं इंजन हाय. निलंग्याहून इतक्या लांब आलात, पिठाची गिरणी बंद पडलेली, बाया दळणाच्या पाट्या घेऊन परत जायलेत— घ्याच. वीरण्णासारखा मिस्त्री साऱ्या लातुरात न्हाई. मेलेलं इंजन जितं करतो. म्हंजे, आधी मेलं म्हणून सांगतो, मालक तोंड वाळवून घरी गेला की मग जितं करतो. लई मोठी विद्या हाय ही. — न्हाई हो, मी कशाला रागावू? रागावणारा माणूसच न्हाई मी. ते इंजन माझं हाय, इतकंच सांगायलोय.

बसा, उठू नका. बाकडं हालतंय, पर पडत न्हाई. वीरण्णा समोर हाटेलात गेलाय. त्याचा चहा लवकर संपत न्हाई. गिऱ्हाइकानं इंजन चालताना बघावं म्हणून मुद्दाम चालू ठेवून गेलाय— डिझेल जळतंय, पर मन मोठं हाय त्याचं.

माझं नाव लिंबाजी. औशाच्या अंगाला, तेरणेच्या काठाला आमचं गाव. धरणाचं पाणी मधी आलं तवापासनं मी नाव चालवतो, ह्या काठाहून त्या काठाला. ते इंजन त्या नावेचं. आता दोन सालं पाऊस न्हाई. पाणी राहिलंय मधी एक पट्टा, दोन्हीकडं नुसता गाळ. अन् इंजनाला थंड कराया नदीचंच पाणी लागतं बघा— खालच्या नळीनं वर वढून घेतं. यंदा नळीनं पाणी म्हणून गाळ वढला. मधोमध गेलो अन् इंजनानं एकच आचका दिला— बंद! चाक इकडं हलंना, तिकडं हलंना. पिस्टन धरला म्हणत्यात ना, तेच. माणसाची छाती धरती तसं. बैलगाडीतून औशाला आणलं, तिथून टेम्पोत घालून हितं. वीरण्णानं कान लावला, डोळे मिटले, मान हलवली. न्हाई म्हणायचं असलं की तो कानडीत म्हणतो— इल्ला. तात्या, हे गेलं. मी म्हणलो, बाबा, उघडून तर बघ. तर म्हणला, मेलेल्याचं पोट फाडून काय बघायचं? ठेवून जावा, तुमच्यासाठी म्हणून बघतो. माझ्यासाठी म्हणून! ठेवलं. आठवड्यानं आलो तर म्हणला, भंगारवाला उचलून घेऊन गेला, मी नको-नको म्हणत व्हतो. अन् मागं शेडात हे नवं हिरवंगार. माझं निळं व्हतं. आता सांगा, काळ्या म्हशीला भुरा रंग दिला तर लांबून कळणार न्हाई— पर धार काढाया बसल्यावर? तिनं लाथ मारली की कळतं, आपलीच हाय.

पोलिसात जा म्हणता? जातो की. जाऊन काय सांगू, माझं हाय म्हणून? नाव सरकारची. अन् कुठल्या सरकारची, हेच ठरंना. पयलं आमचा सगळ्यांचा एकच जिल्हा व्हता, उस्मानाबाद. मग लातूर नवा जिल्हा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले— मीबी खाल्ला एक. त्या जिल्ह्याची रेघ गेली आमच्या नदीतून. आमचा काठ लातूरचा, समोरचा उस्मानाबादचा. लई सोय झाली. आधी ‘न्हाई’ ऐकाया लांब जावं लागायचं, आता जवळच ऐकाया मिळतं. इथला साहेब म्हणतो, नाव तिकडच्या जिल्ह्यानं दिलेली, तिकडं जा. तिकडचा म्हणतो, बांधता कुठं? तुमच्याच काठाला ना? मग तुमची. मी म्हणलो, साहेब, बांधतो हिकडं, पर दिवसभर ती मधीच असती. तर म्हणला, मग मधल्या जिल्ह्यात अर्ज करा. — हसा, हसा. मीबी हसलो तवा. पर जास्त बोलायचीबी सोय न्हाई. पाणीच न्हाई तर नाव कशाला, म्हणून कुलूप लावून मोकळे व्हतील. हे सारं वीरण्णाला ठाऊक हाय. कसं म्हंजे? मीच सांगितलं, पयल्याच दिशी. त्यानं चहा पाजला. कुणी चहा पाजला की मला राहवत न्हाई, मी बोलत सुटतो.

मग आता काय करतो? आता येष्टीनं येतो अन् ह्या बाकड्यावर बसतो. भांडण न्हाई, तंटा न्हाई. गिऱ्हाईक आलं की बसा म्हणतो, गाव विचारतो, इंजनाची तारीफ करतो. औशाचा एक बागवान आला व्हता, उदगीरकडचा एक खडीवाला. दोघंबी लई चांगली माणसं— ऐकलं अन् चप्पल घालून निघाली. वीरण्णा म्हणतो, तात्या, तुम्ही बसाया लागल्यापासनं हे इंजन खपंना, तुमचा पायगुण तर न्हाई? मी म्हणतो, दुष्काळ हाय बाबा, लोकांच्या हातात कुठं काय राहिलंय. कधीतरी कंटाळंल तो अन् म्हणंल, तात्या, तुमचं भूत तुमच्याच नावेवर बसवा. म्हणंल. मला घाई न्हाई.

म्हंजे— घाई हाय.

दुसरं इंजन कामून घेत न्हाई? तसं वीरण्णाबी म्हणला. ते कोपऱ्यातलं काळं घेऊन जा म्हणला, ठोक्याचा आवाजच न्हाई त्याला, मांजरावानी चालतं. असंल. पर मला आवाज पायजे ना. मुकं इंजन घेऊन काय करू? — न्हाई, काय न्हाई. म्हातारा माणूस, कायबी बोलतो. सोडा ते.

समोरच्या काठावरल्या वाडीला माझी लेक दिलीय, जगदेवी. तिची सासू साखराबाई— नाव ठेवणाऱ्यानं लई विचार करून ठेवलं असंल. दोन सालाखाली पंचमीला आमच्याकडं येत व्हती, माझ्याच नावेतून. आता विहीणबाई म्हणल्यावर मान द्यायचा कुठं? मी म्हणलो, इंजनाजवळची फळी सगळ्यात रुंद. तिथं घोंगडी अंथरली, वर पाट मांडला, हाताला धरून बसवलं. माझी अक्कल! इंजनाखालचं डिझेल घोंगडीनं पिऊन घेतलं अन् नव्या इरकल लुगड्याला देऊन टाकलं. उतरली ती राणीवानी, साऱ्या गावातून मिरवत घरी आली, अन् मागं हा एवढा काळा डाग. पोरं दात काढायली. तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. मी नवं लुगडं पाठवलं, तर घडी न मोडता वापस. अन् शपथ घातली— माझ्या सुनेचा पाय ह्याउपर त्या नावेत पडायचा न्हाई. सडकेनं यायचं तर दोन येष्ट्या बदला, कोण आणून सोडतंय? दोन पंचम्या गेल्या, पोर माहेराला न्हाई.

पर पाण्याला जाऊ नको, असं कुठली सासू म्हणती? इंजनाचा आवाज आला की जगदेवी घागर घेऊन काठाला यायची. मी माणसं उतरवायचो, ती पाणी भरायची. बोलायचो न्हाई— बाया असत्यात, साखराबाईच्या कानावर जायाला वेळ लागत न्हाई. ती घागर एकदा विसळायची, म्हंजे बरं हाय. दोनदा विसळली तर बरं न्हाई. उन्हाळ्यात एका खेपेला दोनदा विसळली. त्या दिशी मला भाकर ग्वाड लागली न्हाई.

आता मी बांबूनं नाव लोटत जातो. बांबूला आवाज कुठला? जाऊन बसतो, उन्हं डोक्यावर येत्यात, साऱ्या वाडीच्या बाया येऊन जात्यात, तिची येळ तेवढी चुकती, अन् तिला ठाऊकच न्हाई की बाप येऊन बसलाय. नवं इंजन नेलं तर ती म्हणंल, असंल कुणाचं तरी. हे कसं— ऐका. ऐका की जरा. तीन ठोके सरळ देतं अन् चौथ्याला अडखळतं, माझ्यासारखा माणूस पाटी वाचतो तसं. लगनाच्या आधी ती माझी भाकरी काठावर आणायची, ती ह्या अडखळण्यावरच. असं दुसरं कुठं मिळायचं?

अन् घाई म्हणलो ती— वाडीत हापसा खोदायलेत. दुष्काळाचं काम. मशिनीची गाडी साखराबाईच्या दारासमोरच उभी केलीय. दीडशे फूट गेले, अजून धूळच निघती. पाणी लागलं तर दारातच लागंल, मग नदीला कोण कशाला येतंय? मी, पाव्हणं— मी सकाळी हात जोडतो तवा काय मागतो सांगू? धूळच निघू दे म्हणतो. सारी वाडी कोरडा घसा घेऊन बसलीय, त्यात माझीच लेक हाय, गाळातून घागर वाहून तिचेच पाय सुजलेत, अन् मी बाप असून म्हणतो, पाणी लागू नको दे. इंजन येईपर्यंत तरी.

हे बोलायचं नव्हतं मला. बागवानाला न्हाई सांगितलं, खडीवाल्याला न्हाई. निलंग्यात कुठं बोलू नका, साखराबाईची सोयरीक हाय तिकडं. तिकडून वाडीला कळलं तर घागरबी बंद व्हईल लेकीची. इंजन चोरीचं हाय, एवढंच ऐकलं तुम्ही. बाकी मी बोललोच न्हाई.

तो आला बघा, मिशा पुसत. उठा. काय सांगणार त्याला? — न्हाई न्हाई, आवाज बरा न्हाई असं म्हणू नका. तसं कशाला म्हणायचं? गिरणीची पुली जुळत न्हाई म्हणा, रंग पसंत न्हाई म्हणा, घरी विचारून येतो म्हणा. आवाजाला तेवढं नाव ठेवू नका, न्हाईतर दुरुस्त करून टाकंल तो. जावा आता. मी हाय बसलेला.