बंद दावण

—हां, तोच धर्मराज. त्याचाच वळू. पण पाव्हणं, गाडी जरा लिंबाखाली घ्या की, मागं गाय उभी हाय तुमची, तिला तरी सावली मिळंल. केजहून आलात ना? मग? वळू काय पळून चाललाय का. सारे त्याच्याकडंच जात्यात. रोज कुणी ना कुणी माझ्या दारात थांबतं आन् विचारतं काय, तर धर्मराजचं घर कुठं. मी पंडित, मला कुणी विचारत न्हाई की बाबा, तुझ्या दावणीला काय हाय. तुमी तरी विचारा. न्हाई? बरं, मीच सांगतो.

ही सगळी देवणी जातीची. कान बघा, कपाळ बघा. आमची दावण बंद हाय — म्हंजी बापाच्या काळापासून बाहेरचं जनावर इथं बांधलंच न्हाई. बाजारातली कालवड न्हाई, परका वळू न्हाई. जे हाय ते घरच्या पोटचं. प्रत्येकीची आई, आजी, कोण लाथाळ, कोण दुधाची — तोंडपाठ. फायदा काय म्हणता? लंपी आली तवा धर्मराजच्या गोठ्यात बाजारातल्या गाईनं रोग शिरवला, तीन गाई गेल्या. माझ्या दावणीला एकीच्या अंगावर गाठ न्हाई. डॉक्टर म्हणतो, माशीनं पसरतो, नशीब तुमचं. नशीब कसलं, शिस्त म्हणा. भेटाय गेलतो मी धर्मराजच्या घरी. फाटकापर्यंत. आत कसं जायचं, पायाला लागून रोग घरी आला म्हंजी? बहीण पाणी घेऊन आली, मी म्हणलं तिथंच थांब. हां — बहीणच. शिवकन्या, माझी धाकटी, त्यालाच दिलीय. म्हंजी धर्मराज दाजी लागतो माझा. मगाशी बोललो न्हाई? राहिलं आसंल.

आन् त्यो वळू, ज्याचे फोटो मोबाईलवर बघून तुमी आलात, ज्याच्यापायी प्रदर्शनात फेटा बांधला — वळूला न्हाई, दाजीला, पण ऐट दोघांची सारखीच — त्यो कुणाचा? त्याची आजी या खुट्याची. शिवकन्येच्या लग्नात बापानं आंदण म्हणून कालवड दिली, चंद्री. शिंगं मी रंगवली तिची. दाजीनं तिला उदगीरकडचा वळू दाखवला, तिच्या लेकीला आणखी कुठला. आमी हसलो, म्हणलं खिचडी करायलाय. आता खिचडीची छाती बघा, चाल बघा, रस्त्यानं निघाला की माणसं बाजूला हुत्यात. मी बघतो कधी कधी. रोज न्हाई. शेताला तिकडनं जवळ पडतं म्हणून.

माझा वळू? त्यो तिकडं कोपऱ्यात. हां, त्योच. सोन्या. लहान दिसतो खरा, बसलाय म्हणून. न्हाई, उभाच हाय. स्वभावानं लई गरीब. डॉक्टर म्हणतो, पंडितराव, बापाला लेक आन् भावाला बहीण किती दिवस चालवणार, वासरं खुजी व्हायलीत, गाई गाभण राहिनात. मी म्हणलं उपाय सांगा, तर म्हणे कांडी भरू, दवाखान्यातल्या बीजाची. कांडीतल्या बैलाचं तोंड कुणी बघितलंय का? आन् जिवंत वळू बघायचा तर या भागात नाव एकच. आमच्या घरात रिवाज हाय — आंदण दिलेल्या गाईच्या दुधाचा थेंब माहेरच्यानं प्यायचा न्हाई. दिलं ते दिलं. मग तिच्या नातवापुढं मी हात जोडून उभा राहू? दाजी काय म्हणल, ते मला आत्ताच ऐकू येतंय. काहीच म्हणायचा न्हाई त्यो. नुसता चहा सांगंल.

ती कावून वरडायलीय? तुमच्या गाईला बघून न्हाई. ती हरणी. सकाळपासून माजावर हाय. मागच्या दोन माजांना सोन्याकडं नेली, दोनदा उलटली, गाभण राहिलीच न्हाई. त्यो बाप हाय तिचा. चंद्रीच्या सख्ख्या बहिणीचा वंश, त्यातली ही शेवटची मादी. बाकीच्या रिकाम्याच हायत, ही बी तशीच राहिली तर दावण बंदच हुईल — खरीखुरी.

तुमच्या गाडीत मागं जागा किती हाय? न्हाई, सहज. मधी आडवा बांबू टाकला तर दोन मावतील ना? बांबू हाय माझ्याकडं. काढूनच ठेवलाय सकाळी. हरणी गरीब हाय, तुमच्या गाईला तरास न्हाई द्यायची. दाजीनं विचारलं तर दोन्ही तुमच्याच म्हणायचं. तुमच्या गाईच्या आधी हिला दाखवा तेवढं. शिवकन्या? ती वळखंल. चंद्रीच्या कपाळावर आसाच काळा चांद होता. वळखू द्या. भाकरीचा तुकडा देईल हिला, दाजीला सांगायची न्हाई. मी न्हाई येत. माझं काय काम तिकडं?

धरा दावं. निघा आता, उशीर करू नका. आन् येताना हॉर्न वाजवू नका — मी इथंच उभा आसेन.