बारावी गाडी

जीवराम : इथंच बसून रडला तो, या उंबऱ्यावर. म्हणे, जीवरामभाऊ, तुमच्या चंदननं मले गाडीवर बसाले बोलावलं, छातीवरचा धोंडा उतरला माह्या. दोन वर्षांत पहिल्यांदा या घरचा चहा प्यायला प्रेमराज.

चंदन : प्यायला ना? मग झालं तर. आबा, पट्टा जरा ओढून बांधा. सैल राहिला तर ओढताना घसरतो.

जीवराम : कोणत्या गाडीवर बोलावलं त्याले?

चंदन : शेवटच्या.

जीवराम : बाराव्या?

चंदन : बारा गाड्या आहेत. शेवटची बारावीच असणार ना.

जीवराम : जीभ आवर. तीस वर्षं मरीमायच्या गाड्या मी ओढल्या. खांदा कामातून गेला म्हणून औंदा भगताचा पट्टा तुह्या कमरेले आला. पहिलंच वर्ष तुह्यं. अन् तुले ठाऊक नाही का, अकरा गाड्यांवर गाव बसते अन् बारावी रिकामी जाते?

चंदन : रिकामी कुठे जाते? ती 'त्याची' असते, सैतानाची. लहानपणी तुम्हीच आम्हाला घाबरवायचे. बाराव्या गाडीकडे पाहू नका रे, तिथं तो बसलाय.

जीवराम : मग?

चंदन : मग त्यालाच बसवतोय ना. माणूस अगदी बरोबर निवडला मी.

जीवराम : ऐकलं का, चंदनची माय? पोरगं काय बोलू राह्यलं?

धुरपदाबाई : ऐकलं. दूध घे रे. गाड्या देवळाले लागेपर्यंत मग पोटात काही जायचं नाही.

जीवराम : हात तरी धुवाचे. पेल्याले सगळं वंगण लागलं.

धुरपदाबाई : चोवीस चाकांले हळदकुंकू लावून आत्ता आली मी. भगताच्या घरच्या बाईनंच लावाचं असते. वंगण लागीन नाही तर काय.

जीवराम : बरं बरं.

धुरपदाबाई : अन् आधी तुमी मले वेगळ्या नावानं हाक मारत होते. दोन वर्षांपासून चंदनची माय झाली मी.

जीवराम : आज नको ते.

धुरपदाबाई : नको तर नको.

चंदन : का नको? ज्ञानेश्वरची माय म्हणा ना तिला. थोरला होता तो. या घरात त्याचं नाव निघालं की सगळे भांडी घासायला लागतात. पहाटे पाच वाजता माझा भाऊ केळीला पाणी भरायला गेला आणि प्रेमराजच्या तारेला चिकटून मेला. एवढं तर बोलू शकतो ना आपण आपल्या घरात?

जीवराम : डुकरांसाठी करंट सोडला होता त्यानं. बंद कराचा राहून गेला. पोलिसांनी तसंच लिहिलं.

चंदन : मी दीपनगरच्या वीजकेंद्रात करंटमध्येच काम करतो, आबा. मला नका शिकवू. तार त्याच्या शेतात नव्हती, आपल्या बांधावर होती. आदल्या संध्याकाळी सरकवली त्यानं, बांधाच्या दोन हातांच्या भांडणापायी. आणि दादा पडल्यावर आधी तार गुंडाळली, मग हाका मारल्या. त्याच्याच शेतावरच्या सालदारानं डोळ्यांनी पाहिलं.

जीवराम : सालदार फिरला ना मग.

चंदन : फिरला नाही, फिरवला. तारखा पडताहेत आणि प्रेमराज देवळाला पितळी घंटा देतोय. परवा आरतीला पुढे कोण होतं? तोच. टाळ्या वाजवत. मी मागं उभा राहून त्याची मान पाहत होतो.

जीवराम : पाह्यली मी बी.

चंदन : मग एक सांगा मला. मी पासष्ट किलोचा माणूस. माणसांनी गच्च भरलेल्या गाड्यांची माळ ओढणार. ते बळ माझं नाही, मरीमायचं. बरोबर?

जीवराम : बरोबर.

चंदन : म्हणजे तिला जमणार नाही असं काही नाही.

जीवराम : नाही.

चंदन : तर मग सैतानाला गाडी कशाला ठेवली तिनं? आपल्याच जत्रेत त्याला बसायला जागा? आमच्याकडे ज्याच्या हातात मेन स्विच आहे, त्याला माणूस खांबावर चढलेला दिसतोय, आणि त्यानं लाइन चालू ठेवली, तर गुन्हा कोणाचा? तारेचा नाही, आबा. स्विचवाल्याचा. नोकरी जाते त्याची. जेलमध्ये जातो.

जीवराम : माह्या बापाले मी हेच विचारलं होतं. तुह्याएवढाच होतो.

चंदन : काय म्हणाले आजोबा?

जीवराम : म्हणे, त्याले जागा दिली नाही तर तो जागा शोधत फिरते. गाडीवर बसला तर आपल्याले ठाऊक तरी असते, कुठी हाये तो. गाडीवरून उठवला की कोणाच्या आंगात जाऊन बसीन, ते मरीमायबी सांगत नाही.

चंदन : हे काही उत्तर झालं नाही.

जीवराम : नाही झालं. ज्ञानेश्वर गेला तव्हा मलेबी नाही पुरलं. भगत असून देवळात जाऊन तिले शिव्या दिल्या मी. तोंडाले येईन त्या. पुजारी कानावर हात ठेवून बाहेर पळाला.

चंदन : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

जीवराम : बोलाचं काय त्याच्यात? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मीच गेलो अन् दिवा लावला. दिवा लावल्यावाचून मले राहावत नाही, म्हणून. समजलं म्हणून नाही.

चंदन : मला तसं जमणार नाही.

जीवराम : बरं, आता मी विचारतो. खिशात काय हाये?

चंदन : मोबाइल.

जीवराम : दुसऱ्या खिशात.

चंदन : काही नाही.

जीवराम : काही नाही तर सदरा एका बाजूनं खाली कायले ओढल्या जाऊ राह्यला? सकाळी मी गाड्या पाह्यल्या, चंदन. तीस वर्षांची सवय हाये, एक एक चाक हातानं पाहातो. बाराव्या गाडीच्या उजव्या चाकाले खीळ नव्हती. आसातून चाक निसटू नाही म्हणून ठोकतात ना, ती. भोक रिकामं अन् वंगणावर बोटं उमटेल. डावी होती, उजवी नव्हती.

चंदन : पडली असेल.

जीवराम : ठोकेल खीळ पडत नाही, काढाले लागते. वेशीजवळच्या वळणावर गाड्या जोरात असतात. तिथं चाक निघीन, गाडी आडवी होईन. मागं दुसरी गाडी नाही, दुसरं कोणी मरणार नाही. गाव म्हणीन, बाराव्या गाडीवर बसला अन् भोगलं. तुले कोणी विचाराचंबी नाही. उलट पाया पडतीन. पुरतं डोकं चालवलं तू.

चंदन : चालवलं. दोन वर्षं तेवढंच केलं. ही घ्या खीळ, पाहा. हीच ती. तिच्यानं होत नसेल तर मी करतो, एवढंच ठरवलं मी.

जीवराम : हे बोलला तू?

चंदन : हो, मीच.

जीवराम : तुह्या तोंडातून आलं खरं. पण हे त्याचं बोलणं हाये, चंदन. गाडीवरून उठवलेल्याचं. आजवर तो हेच बोलत आला असन. देवाच्यानं होत नाही, आण इकडं, मी करतो.

चंदन : मला भीती घालू नका आता. मी लहान नाही.

जीवराम : तुले घालत नाही. मलेच वाटू राह्यली.

चंदन : आबा, तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?

जीवराम : होतं.

चंदन : मग तेव्हाच का नाही धरलं मला? दुसरी खीळ ठोकायची होती. गोठ्यात दहा पडल्यात.

जीवराम : ठोकता आली असती. पण ती मी ठोकली असती. तुह्या खिशातली खिशातच राह्यली असती, अन् पुढच्या वर्षी तू दुसरं काही काढलं असतं. म्हटलं, दिवस पडला हाये. पोरगं आपल्या पायानं जाईन अन् आपल्या हातानं बसवून येईन. तुले वेळ देऊ राह्यलो होतो.

चंदन : आणि मी नसतो गेलो तर?

जीवराम : पट्टा मीच बांधू राह्यलो ना? सोडला असता.

चंदन : म्हणजे तीही त्या पहाटे हेच करत बसली होती का? प्रेमराजला वेळ देत? तो जाईल आणि आपल्या हातानं बटण बंद करील म्हणून वाट पाहत? आणि तिच्या वाट पाहण्यात माझा भाऊ गेला?

धुरपदाबाई : दूध थंड झालं.

चंदन : बोला ना, आबा.

जीवराम : काय बोलू? याच्यापुढं माह्याजवळ काही नाही रे. असतं तर मी तिले शिव्या कायले दिल्या असत्या?

धुरपदाबाई : सकाळी तो मले विचारे, वहिनी, हेमांगीले घेऊ का मांडीवर? गाडीत बसाचा लय हट्ट धरला म्हणे तिनं.

चंदन : हेमांगी कोण?

धुरपदाबाई : नात त्याची. चार वर्षांची. काल नाही का, फुगा फुटला म्हणून आपल्या दारात रडत होती.

चंदन : तू काय म्हणालीस?

धुरपदाबाई : म्हटलं, घे.

चंदन : आई!

धुरपदाबाई : तू मले कुठी सांगितलं होतं, खीळ काढली म्हणून?

चंदन : मी त्याला एकट्याला बोलावलं होतं. एकट्याला! दोनदा सांगितलं, भाऊ, तुम्ही एकटेच या.

जीवराम : सैतान कव्हा एकटा बसला हाये?

चंदन : डफ वाजायला लागला. लोक चढले असतील गाड्यांवर.

जीवराम : मग उभा कायले? पळ. हातोडी घे कोनाड्यातली.

चंदन : कोणी विचारलं तर काय सांगू?

जीवराम : काही सांगू नको. पण लपूनबी ठोकू नको. त्याच्या डोळ्यासमोर ठोक. कळू दे त्याले, काय होणार होतं ते.

(चंदन खीळ मुठीत धरून पळत गेला. जीवराम ओट्यावर बसून राहिला. बारा गाड्या ओढून त्याला कधी एवढी धाप लागली नव्हती. थंड दुधाचा पेला घेऊन धुरपदाबाई आत गेली नाही, तिथेच भिंतीला टेकली. उन्हं वेशीवर उतरली होती, डफ थांबून थांबून वाजत होता.)

जीवराम : गेला. मले वाटलं होतं, जात नाही आता. पोरगं वाचलं आपलं.

धुरपदाबाई : हो. एक वाचलं.

जीवराम : तू बस ना जराशी. सकाळची उभी हाये.

धुरपदाबाई : उभीच बरी मी.

जीवराम : हेमांगीचं सांगितलं ते बरं केलं. माह्यानं नसता हलला तो. तुह्या एका बोलण्यानं हलला.

धुरपदाबाई : त्याच्यासाठीच सांगितलं.

जीवराम : आला. एवढ्यात? काय रे, झालं?

चंदन : बसवली. ठोकून पक्की केली. प्रेमराज वरून पाहत होता. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं.

जीवराम : काय म्हणाला?

चंदन : तोंड पांढरं पडलं. पोरीला फक्त घट्ट धरलं. ती मला टाटा करत होती, आबा.

जीवराम : उतरला नाही?

चंदन : खाली या म्हटलं, तर म्हणतो, आता उतरलो तर गाव काय म्हणीन.

जीवराम : राहू दे मग. चल, मरीमायपुढं नारळ फोड. उशीर झाला.

चंदन : थांबा. गाड्या हलणार नाहीत. मी सगळ्यांना सांगून आलोय, मी येईपर्यंत दोराला कोणी हात लावायचा नाही.

जीवराम : का बरं?

चंदन : मी उजव्या चाकाची काढली होती.

जीवराम : तीच बसवली ना?

चंदन : तीच. उठताना सहज वाकून पलीकडे पाहिलं. डाव्या चाकालाही खीळ नाही.

जीवराम : सकाळी होती. मी हात लावून पाह्यली.

चंदन : आता नाही. भोक मोकळं आहे, आणि त्याच्याभोवती हळद लागलीय. ओली आहे अजून.

जीवराम : नीट पाह्यलं?

चंदन : बोट लावून पाहिलं. हे बघा.

जीवराम : ज्ञानेश्वरची माय...

धुरपदाबाई : लय दिवसांनी हाक मारली.

जीवराम : पदराच्या गाठीत काय हाये?

चंदन : आई? मग मला का पाठवलंस? मघाशी पोरीचं सांगून मला पळवलंस ना तू?

धुरपदाबाई : तुह्या हातून नको होतं मले. तुह्यं सगळं आयुष्य पडलं हाये.

जीवराम : अवो, पोर होती त्याच्या मांडीवर. तुलेच तर विचारून गेला तो.

धुरपदाबाई : माह्याबी मांडीवर होतं एक.

चंदन : आई, खीळ दे. लोक थांबलेत.

धुरपदाबाई : देऊ राह्यली ना. गाठ लय घट्ट बसली रे, माह्या हातानं नाही सुटत. तूच सोड.