स्वतःची चूक वाचून दाखवायला आलेले नाना

काकू, नानांच्या पेपरातले मित्रहो, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मी गणिताचा मास्तर. रोज पाच तास बोलतो. पण आज इथे उभा राहिलो आणि सुरुवात कुठून करावी तेच कळेना. सांभाळून घ्या. नाना असते तर म्हणाले असते, "प्रस्तावना काप भो, बातमी काय ते सांग."

बातमी ही, की नाना गेले. उभं आयुष्य धुळ्यात पेपर चालवणारा माणूस गेला. आणि त्यांच्याविषयी बोलायला मी उभा आहे, कारण त्यांनी एकदा माझ्याबद्दल खोटं छापलं होतं. काकूंना हे ठाऊक आहे. बाकीच्यांना सांगतो.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी इथेच, धुळ्याच्या देवपुरात, खोली घेऊन कॉलेज करत होतो. एका संध्याकाळी वावटळ सुटली आणि आमच्या रस्त्यावर विजेची तार तुटून पडली. आम्ही चार मित्र होतो. एक जण सायकलवर विजेच्या ऑफिसात पळाला. आम्ही तिघं हातात बांबू घेऊन रस्त्यात आडवे उभे राहिलो. येईल त्याला अडवत होतो, ओरडत होतो. गोड बोलत होतो असं मी म्हणणार नाही. एक गृहस्थ मोटार घेऊन आले. अंधारत चाललं होतं, त्यांना तार दिसेना आणि आमचं ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मी बॉनेटवर हात आपटला आणि म्हणालो, "मरायची हौस असेल तर जा पुढे."

त्यांनी काच खाली केली. "नाव काय रे तुझं?"

आता आपल्याकडे नाव विचारलं की माणूस नुसतं नाव सांगतो का? बापाचं नाव सांगतो, गाव सांगतो, राहतो कुठे तेही सांगतो. मी सगळं सांगितलं. छाती पुढे काढून सांगितलं. गृहस्थ गाडी वळवून गेले आणि त्यांनी पेपरला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मथळा होता, 'टवाळखोर तरुणांचा धुडगूस'. खाली काय? देवपुरात काठ्या घेऊन वाहनं अडवली, दमदाटी केली. आजची पिढी व्हिडिओ पार्लरात सिनेमे पाहून वाया गेली, पालकांनी वेळीच डोळे उघडावेत. तारेचा एक शब्द नाही. माझं नाव मात्र बापाच्या नावासकट, गावासकट.

आमच्या शिंदखेड्याला स्टँडजवळच्या हॉटेलात पेपर यायचा एक. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे चहा पीत ऐकायचे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, रोज तिथे असत. त्या दिवशी भरल्या हॉटेलात माझं नाव वाचलं गेलं, आणि पाठोपाठ आबांचं. आबांनी चहा तसाच ठेवला आणि धुळ्याची एस.टी. धरली.

खोलीवर येऊन एवढंच म्हणाले, "सामान बांध. बस व्हयनं तुनं शिकनं."

मी तारेचं सांगायला लागलो. ते म्हणाले, "पेपरमा छापेल शे. पेपरमा काय खोटं छापतस?"

संध्याकाळच्या गाडीनं गावी परतायचं ठरलं. कॉलेज संपलं. आबा माझ्या ट्रंकेवर बसून राहिले आणि मी पेपरच्या ऑफिसात गेलो. नानांना मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. तोंडाला येईल ते बोललो; गावच्या हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचतात, तेही सुनावलं. नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तार जोडायला कोण आलं होतं?" मी लाइनमनचं नाव सांगितलं. नानांनी चपला घातल्या, सायकल काढली. लाइनमनला भेटले. आमच्या रस्त्यावर पिठाची गिरणी होती, तिथल्या बाईंना भेटले. त्या बाई म्हणाल्या, "ही पोरं नसती तर माझ्याकडे दळण घ्यायला आलेलं कोणीतरी जिवानिशी गेलं असतं." मी मागे मागे होतो. नाना सगळं वहीत लिहून घेत होते.

परत आलो तेव्हा त्यांनी मला आत छापखान्यात नेलं. तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, जुळवून पेपर निघायचा. नानांनी फळीवरून एक मथळा काढला. सुतळीनं बांधलेला. 'टवाळखोर तरुणांचा धुडगूस'. महिन्यातून दोन-तीनदा लागायचा, दर वेळी अक्षरं कोण जुळवत बसणार? म्हणून बांधूनच ठेवलेला. बातमी आली की वर हा ठेवायचा आणि खाली गाव बदलायचं.

नाना म्हणाले, "मथळा तयार होता भो. म्हणून मी जागेवर गेलो नाही."

त्यांनी सुतळी कापली. एकेक खिळा आपापल्या खणात टाकला. निम्मे मला टाकायला लावले. मला तर कोणतं अक्षर कुठल्या खणात, काही कळत नव्हतं. जुळारी वैतागून बघत होता.

मित्रहो, त्या संध्याकाळी आबा मला गावी घेऊन गेलेच. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा आला. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आला. कुणीही म्हटलं असतं, झालं, संपलं. पण सकाळी शिंदखेड्याच्या स्टँडवर पहिल्या गाडीतून नाना उतरले. हॉटेलात गेले. रोज वाचणाऱ्याकडून पेपर मागून घेतला आणि उभे राहून स्वतः वाचला. म्हणाले, "कालची बातमी चुकीची होती. ती मी लिहिली होती. मी न बघता लिहिली." मग खुलासा वाचला. माझं नाव वाचलं, आबांचं नाव वाचलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, परत वाचा. नानांनी परत वाचला.

आबा उठले. ते हात जोडणाऱ्यातले नव्हते, पण त्यांनी जोडले. म्हणाले, "नाना, तुम्हीन खरं सांगाले धुळ्याथून उनात. आनि मी तं पोऱ्याना बाप. मी त्याले इचारं बी नही."

दुपारच्या गाडीनं त्यांनीच मला परत देवपूरला पाठवलं.

आता घरोघरी केबल आली आहे. पेपरात, टीव्हीवर रोज कुणीतरी सांगतं की तरुण पिढी बिघडली. आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये माना डोलावतो. मीसुद्धा डोलावतो, खोटं कशाला बोलू? पण नंतर नानांचा आवाज ऐकू येतो. नव्या वार्ताहराला ते विचारायचे ना, "पिढी बिघडली म्हणतोस, किती जणांशी बोललास?" मग मी वर्गात जातो आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याला आधी विचारतो. दर वेळी तो निर्दोष असतो असं नाही. काही पोरं खरंच बिलंदर असतात. पण विचारतो. माझ्या नोकरीत बरं म्हणण्यासारखं जे काही असेल, ते हेच. आणि ते नानांचं आहे.

काकू, एक सल राहिली. मी नानांकडे दर दिवाळीला यायचो. फराळ खायचो, पाया पडायचो, गप्पा मारून उठायचो. पण आभार कधी मानले नाहीत. आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, लाज वाटते. मला वाटायचं, त्यांना कळतच असेल. म्हणजे बघा, मीही गृहीतच धरलं.

म्हणून आज सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणतो. नाना, मी तुमचा आभारी आहे. कोणी म्हणालं परत सांग, तर परत सांगेन.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.